होऊ घातलेला मोटारमालक

लर्निंग लायसन्स हाती आल्याच्या रात्रीच जो लॅपटॉप उघडून एक्सेलची नवी शीट काढतो आणि तिला ‘कार फायनल’ असं नाव देतो, तो होऊ घातलेला मोटारमालक. वय तेवीस ते सत्तावीस. नोकरी पहिली, नाहीतर नुकतीच बदललेली. गाव पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, फार तर कोल्हापूर. घराण्यात चारचाकी आणणारा तो पहिलाच, त्यामुळे त्याच्या शीटकडे सगळ्या कुळाचं लक्ष लागलेलं असतं. ‘कार फायनल’च्या पाठोपाठ ‘कार फायनल २’ येते आणि महिन्याभरात ‘कार फायनल लेटेस्ट नवीन’ही. आठ गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स, डिकीत मावणारे लिटर आणि स्क्रीनचे इंच त्याला तोंडपाठ असतात. क्लच डावीकडे की ब्रेक, असं अचानक विचारलं तर मात्र तो आधी पायांकडे बघतो आणि मग उत्तर देतो. लोक त्याला हिशेबी म्हणतात, चिक्कूही म्हणतात. माझी तक्रार वेगळी आहे. तो पुरेसा हिशेबी नाही. त्याच्या शीटमध्ये चाळीस ओळी असतात, पण गाडी कोण चालवणार याची ओळ नसते. सगळा खर्च गाडीचा मांडलेला असतो आणि त्या खर्चाचं सर्वात मोठं कारण म्हणजे तो स्वतः, ते कारण हिशेबाबाहेर उभं राहून इतरांना मायलेज सांगत असतं.

हिशेब त्याला येत नाही असं कुणी म्हणू नये. एक्स-शोरूम आणि ऑन-रोड यांतली दरी त्याने पहिल्याच आठवड्यात मोजलेली असते. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स लागतो, म्हणजे सात लाखांच्या गाडीवर सत्त्याहत्तर हजार, हे तो झोपेतही सांगेल. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तेव्हा त्याने सगळी शीट नव्याने मांडली आणि वाचलेल्या पैशांत वरचं मॉडेल बसवलं. कर्जाच्या बाबतीत मात्र त्याचं गणित हप्त्यापाशी येऊन थांबतं. पाच लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण दहा हजार चारशे भरावे लागतात. मुदत सात वर्षं केली की हप्ता आठ हजारांच्या आसपास उतरतो. महिन्याला दोन हजार तीनशे ‘वाचले’ म्हणून तो खुर्चीत मागे रेलतो. या वाचण्यापोटी एकूण व्याज पन्नास हजारांहून जास्त वाढलं, ही गोष्ट शेजारच्या कॉलममध्ये असते आणि तो कॉलम त्याने ‘हाइड’ केलेला असतो.

त्याचा खरा स्वभाव दिसतो तो रात्री एक वाजता विम्याचे कोटेशन उघडल्यावर. रोड टॅक्सशी घासाघीस करता येत नाही, बँकेशी करायची तर आवाज चढवावा लागतो. विम्याच्या पानावर मात्र सरकवायची पट्टी असते आणि टिकमार्कच्या चौकटी असतात. हप्त्याचा आकडा डोळ्यांदेखत खाली येताना बघण्यातलं सुख त्याला दुसरीकडे कुठे मिळत नाही. आधी तो आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार चेंदामेंदा झाली तर मिळणारी रक्कम, जमेल तितकी खाली ओढतो. हप्ता थोडा उतरतो. मग झिरो डेपवरची टिक काढतो. झिरो डेप नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागाच्या किमतीतून निम्मी रक्कम घसारा म्हणून कापली जाते, हे त्याने वाचलेलं असतं. ‘पण आपण कशाला ठोकणार?’ असं म्हणून तो पुढच्या चौकटीवर जातो. ती चौकट व्हॉलंटरी डिडक्टिबलची. कोणत्याही नुकसानातले पहिले पाच हजार मी माझ्या खिशातून भरीन असं लिहून दिलं की कंपनी हप्त्यात सवलत देते. ही पैज मुळात वीस वर्षं घाटात गाडी चालवलेल्या माणसाने लावायची. कारण त्याच्या हातून लहानसहान ठोकाठोकी होतच नाही. आमचा नायक ती लावतो, तेव्हा गाडी रिव्हर्समध्ये घेताना मान कुठे वळवायची हेही त्याचं नक्की झालेलं नसतं. एवढं सगळं करून हप्ता चार-साडेचार हजारांनी उतरतो. मग दुसऱ्या टॅबमध्ये अलॉय व्हील्सचे सत्तावीस हजार तो एका दमात मान्य करतो, कारण अलॉय गाडीला शोभतात. झिरो डेप कुणाला दिसत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. शिकाऊपणाची किंमत आपल्याकडे कुणी मागतच नाही, मग पोराने ती कशी ओळखावी? कायद्याने सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचा दर ठरतो इंजिनाच्या सीसीवर. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या नव्या खासगी गाडीला तीन वर्षांचे मिळून १०,६४० रुपये, वर जीएसटी. मालक काल लायसन्स मिळालेला असो की तीस वर्षं गाडी हाकलेला, दर तोच. ब्रिटनमध्ये शिकायला गेलेला मराठी मुलगा जुनी गाडी घ्यायला निघाला की पहिला धक्का गाडीच्या किमतीचा बसत नाही, विम्याचा बसतो. तिथे नवशिक्या तरुणाला वयाचे आणि अननुभवाचे पैसे मोजून भरावे लागतात. हप्ता थोडा कमी हवा असेल तर गाडीत एक डबी बसवून घ्यावी लागते आणि ती ब्रेक किती जोरात मारला याच्या नोंदी ठेवते. तिथलं बजेट चालकापासूनच सुरू होतं. आपल्याकडे सरकारने पोराला अनुभवी माणसांच्या रांगेत उभं केलं आणि त्याने त्याचा अर्थ असा काढला की आपण अनुभवी आहोत. पण आक्षेप इथवरच चालतो. थर्ड पार्टीचा हा विमा समोरच्यासाठी आहे. माणूस दगावला किंवा जखमी झाला तर भरपाईला वरची मर्यादा नाही, आणि जीएसटी सोडला तर त्याचे दिवसाला दहा रुपयेसुद्धा पडत नाहीत. म्हणजे समोरच्याची सोय सरकारने स्वस्तात लावून दिली. स्वतःच्या गाडीला स्वतःच्या हातून होणारं नुकसान मात्र त्याच्याच निर्णयावर सोडलं, आणि नेमकी तीच चौकट त्याने रिकामी ठेवली.

कायद्याने नवशिक्याला अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावायचा आणि शेजारी त्या प्रकारच्या गाडीचं लायसन्स असलेला माणूस बसवायचा, तोही गाडी थांबवता येईल अशा जागी. मोटर विम्याच्या पॉलिसीतही शिकाऊ चालकाला गाडी चालवू देण्याची अट हीच असते. हा नियम पाळला नाही तर क्लेमच्या वेळी कंपनीच्या हाती आयतं कारण येतं. आता आपल्या माणसाची गाडी बघा. मागच्या काचेवर ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ ठळक अक्षरांत असतो. ‘एल’ नसतो, कारण त्याने लूक जातो आणि ‘लोक मुद्दाम हॉर्न देतात’. शेजारी बाबा असतात. बाबांचं लायसन्स स्कूटरचं. त्यांचा डावा हात खिडकीवरच्या कडीला, उजवा हँडब्रेकच्या आसपास, आणि दोन्ही पाय नसलेल्या ब्रेकवर गच्च दाबलेले. ‘हळू रे’ हे त्यांचं एकमेव मार्गदर्शन. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या वीस दिवसांत तो छान चालवत होता, हे खरं आहे. पण तिथे सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक होता. त्याच्या ब्रेकिंगमधला निम्मा ब्रेक सरांचा असायचा. नवी गाडी घरी आल्यावर त्याच सरांना आणखी दहा दिवस शेजारी बसवण्याचे पैसे शीटमध्ये धरावेत, असं कुणी सुचवलं तर त्याला अपमान वाटतो. सीट कव्हर, मॅट, परफ्यूम आणि डॅशबोर्डवरचा गणपती मिळून त्याहून जास्त रक्कम जाते, तेव्हा वाटत नाही.

काकांचं म्हणणं निराळं. ‘आधी एखादी जुनी घे, ठोक, शिक, मग नवी आण,’ हा सल्ला प्रत्येक बिल्डिंगमधला कुणी ना कुणी काका देतोच. आर्थिकदृष्ट्या तो मला पटतोही. जुन्या गाडीचा रोड टॅक्स आधीच भरलेला असतो आणि नवेपणाचा मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. मात्र पहिल्या मालकाची नो-क्लेम सवलत, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, ती त्याच्याकडेच राहते. पॉलिसी आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा लागतो आणि गाडी फार जुनी असली तर झिरो डेपही मिळेलच असं नाही. एवढ्या गोष्टी काका सांगत नाहीत. त्यांच्या सल्ल्याचा सगळा भर असतो ‘ठोकली तरी वाईट वाटत नाही’ यावर. न वाटायला हरकत नाही. पण जिला ठोकायची ती समोरची गाडी सेकंड हँड असेलच असं नाही, आणि समोरचा माणूस तर मुळीच नसतो. म्हणजे काकांनीही हिशेब गाडीचाच केला. चालवणारा त्यांनीही सोडून दिला.

पेट्रोलच्या ओळीतही हीच गफलत. तो बावीसचं मायलेज धरतो, कारण कंपनी बावीस म्हणते. गाड्यांना असं प्रमाणपत्र देणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे, वेताळ टेकडीवर. टेकडीवर चाचणी होते ती ठरवून दिलेल्या पद्धतीने, ठरलेल्या वेगाने. तिच्या पायथ्याशी पौड रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता हाफ क्लचवर पुढे सरकणारा नवशिक्या चाचणीत बसत नाही. त्याच्या गाडीला बावीसचं मायलेज कसं मिळेल? इंजिन तेच असतं. पाय मात्र सिग्नलला दोनदा बंद पाडतो, घाबरून रेस देतो आणि दुसरा गियर पडायच्या आधी पुन्हा पहिल्यावर येतो.

राहिला शेवटचा आणि सर्वात जोरकस आक्षेप. पैसेच नाहीत हो त्याच्याकडे. पगारातून घरभाडं, आईकडे द्यायचे पैसे आणि मित्रांच्या लग्नांची पाकिटं जाऊन उरणार किती? त्याने कुठेतरी कात्री चालवलीच पाहिजे. हे मान्य. पण कात्री कुठे चालली ते बघा. पूजा, पेढे, झेंडूचे हार, शोरूममधला केक आणि गाडीवरचं लाल सॅटिन ओढतानाचा व्हिडिओ, यातल्या एकाही गोष्टीला धक्का लागला नाही. कर्ज दोन वर्षांनी लांबवलं. टचस्क्रीनचा इंच कमी झाला नाही. कापलं गेलं ते झिरो डेप आणि सरांचे दहा दिवस. कारण शीटमधल्या या दोनच ओळी ‘तुला अजून येत नाही’ असं त्याच्या तोंडावर म्हणतात.

मग व्हायचं ते होतं. तिसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या पार्किंगमधला खांब पुढे सरकतो. खांब पुढे सरकला, हे त्याचे शब्द. बंपर गेला. रंगकाम बाजूला ठेवू आणि बंपरचे सहा हजार धरू. प्लास्टिकचा भाग, म्हणून निम्मी रक्कम घसाऱ्यात गेली, उरले तीन हजार. त्यातून सक्तीची वजावट हजाराची आणि हौसेने लिहून दिलेली पाच हजारांची. कंपनीकडून येणं शून्य. व्हॉलंटरी डिडक्टिबल घेतलं नसतं तर हाती दोन हजार पडले असते. मग त्या दोन हजारांपायी पुढच्या वर्षीची २० टक्के नो-क्लेम सवलत घालवायची का, हा वेगळा हिशेब करावा लागला असता. त्याची ती डोकेदुखी वाचली. तो बंपर खिशातून बदलतो. मग डावा आरसा बदलतो. मागच्या दारावरचा ओरखडा मात्र तसाच ठेवतो, कारण तिथे दुसरा येणार याचा अंदाज आता त्यालाही आलेला असतो.

वर्षाअखेरीस विमा कंपनीचा मेल येतो. अभिनंदन, वर्षभरात एकही क्लेम नाही, आपण २० टक्के नो-क्लेम बोनसला पात्र आहात. क्लेम करण्यासारखं त्याने काही शिल्लकच ठेवलं नव्हतं, हे कंपनीला माहीत नाही आणि तो सांगत नाही. तो मेलचा स्क्रीनशॉट काढतो आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो, खाली ओळ लिहितो, ‘सेफ ड्रायव्हिंग’. बाबांकडून उत्तर येत नाही. आत्या मात्र टाळ्या वाजवणारे चार हात पाठवते आणि विचारते, ‘बाळा, मग येत्या रविवारी सगळ्यांना गाडीतून जेजुरीला नेशील ना?’