व्यायामाचे सुलभ हप्ते

फ्रिज, फ्लॅट, लेकीच्या लग्नातले सोने, सगळे हप्त्यांवर उरकणारा आपला मध्यमवर्ग व्यायामाच्या बाबतीत मात्र एकरकमी परतफेडीच्या अटीत अडकला होता. रोज पहाटे सलग पाऊण तास, नाहीतर शून्य. साहजिकच बहुमत शून्याच्या बाजूने पडायचे.

जागतिक आरोग्य संघटनेला दया आली. व्यायाम एका वेळी निदान दहा मिनिटे तरी झाला पाहिजे, ही जुनी अट तिने २०२० मध्ये काढून टाकली. आठवड्याची १५० ते ३०० मिनिटे भरली म्हणजे झाले. सुट्टी नाणीसुद्धा चालतील. मग २०२२ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये ब्रिटनमधल्या पंचवीस हजार व्यायामचुकारांच्या मनगटी यंत्रांच्या नोंदी छापून आल्या. दिवसातून तीनदा, मिनिट-दोन मिनिटे, धाप लागेल अशी धावपळ ज्यांच्याकडून होत होती, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघाले.

ही बातमी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोचेपर्यंत तिच्यातली धाप तेवढी गळून पडली होती.

तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरचे नाना व्यायामाचा चोख हिशेब ठेवतात. सोफ्याखालचा रिमोट काढला, एक हप्ता. लिफ्टचे बटण दोनदा दाबले, दुसरा. दारात आलेला वडापाव स्वतः उठून घेतला, तिसरा. आता आमच्याकडे डिलिव्हरीवाल्यांना लिफ्टबंदी आहे, त्यामुळे धाप लागते ती जिना चढून आलेल्या त्या पोराला. शास्त्राप्रमाणे नानांच्या वडापावाने आयुष्य वाढत असेलच, तर त्याचे.

त्यात २०२५ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'ने मोडता घातला. दिवसाला आठ हजारांहून कमी पावले टाकणाऱ्यांत, पंधरा-पंधरा मिनिटे सलग चालणाऱ्यांची हृदये पाच मिनिटांच्या आत टेकणाऱ्यांपेक्षा ठणठणीत आढळली. नाना खवळले. "आधी एकमेकांत काय ते ठरवा म्हणावं, तोवर मी बसतो!" हे अभ्यास नुसत्या निरीक्षणाचे आहेत, त्यांनी कार्यकारण सिद्ध होत नाही, हेही त्यांनी शोधून काढले. आळसाला पुरावा लागला की माणूस फार बारकाईने वाचतो.

वास्तविक भांडण आहेच कुठे? थोडे केलेत तर काहीच न करण्यापेक्षा बरे, सलग जमले तर आणखी बरे. कुठल्याही संशोधकाने बटण दाबण्याला व्यायाम म्हटलेले नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडतो आहे : डिलिव्हरीवाल्यांना लिफ्ट खुली करावी आणि जिना सभासदांसाठी राखीव ठेवावा. अनुमोदक मिळत नाहीये. कुणी तयार असल्यास कळवावे.