शेवटचं घर माझं

मेनोर्कात घर घ्यायला निघालेल्या माणसाला भुरळ पडते ती तिथं जे नाही त्याची. समुद्राला टेकलेल्या टॉवरांची रांग नाही, पहाटेपर्यंत दणदणणारे क्लब नाहीत. त्यासाठी शेजारी मायोर्का आणि इबिझा आहेत. स्पेनच्या या जेमतेम 700 चौरस किलोमीटरच्या बेटाला युनेस्कोनं 1993 मध्ये जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. आता दलाल घराबरोबर तो दर्जाही विकतात.

ही शांतता आपसूक उरलेली नाही. 1970च्या दशकात एस ग्राऊच्या पाणथळीशेजारी शांग्री-ला नावाची बंगल्यांची वसाहत आखली गेली. रस्ते पडले, काही घरंही उठली. बेटावरच्या लोकांनी विरोध लावून धरला, ती वसाहत रोखली, आणि 1995 मध्ये तिथं निसर्ग उद्यान झालं. पुढं बेटाच्या 2003च्या जमीनवापर आराखड्यानं शेतजमिनीवर नवं घर बांधायलाच बंदी घातली. इतक्या वर्षांच्या नकारांतून जे वाचलं, ते आज ‘सी व्ह्यू’ म्हणून विकायला आहे.

नवं बांधता येत नाही म्हटल्यावर पैसेवाल्यांची नजर जुन्या शेतघरांकडे वळते. माझा खरा आक्षेप इथं आहे. मेनोर्का म्हणजे राखलेलं जंगल नव्हे, ते कसलेलं बेट आहे. गाई आहेत म्हणून माओनचं प्रसिद्ध चीज आहे. गाई चरतात म्हणून शेताशेतांतले कोरड्या दगडांचे बांध कुणीतरी दर वर्षी सावरतो. गोठ्याची गेस्ट रूम झाली आणि मालक वर्षातून सहा आठवडेच यायला लागला, की बांध सावरणार कोण? ज्या देखाव्यासाठी पैसे मोजले, तो टिकवणारा माणूसच त्या व्यवहारात बाहेर पडलेला असतो.

गावांतही तेच. मेनोर्कासह बालेआरिक बेटांवर बदलून आलेल्या शिक्षकांना, नर्सना घरमालकांच्या उन्हाळी भाड्याच्या हव्यासापायी राहायला परवडणारी जागा मिळत नाही. शाळा आणि दवाखाना चालवणारी माणसं टिकणार नसतील, तर उरेल ती शांतता नव्हे, ओसाडी.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी एक अडसर आहे, आणि तो योग्यच आहे: युरोपीय संघाबाहेरच्यांना या बेटांवर ग्रामीण जमीन घ्यायची तर 1975च्या संरक्षण कायद्यानुसार लष्कराची परवानगी लागते. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहजी घेता येत नाही म्हणून कुरकुरणाऱ्यांनी तिथंही कुरकुरावं, पण कायद्यामागचं कारण आधी समजून घ्यावं. पाच लाख युरोंच्या घरावर मिळणारा स्पेनचा ‘गोल्डन व्हिसा’ एप्रिल 2025 मध्ये बंद झाला, हेही बरंच झालं.

घ्यायचंच असेल तर माओन किंवा सिउताडेया या शहरांच्या जुन्या गल्लीतलं घर घ्या आणि बारा महिने राहा. तेवढं जमणार नसेल तर हिवाळ्यात ते वाजवी भाड्यानं एखाद्या शिक्षकाला द्या, आणि जूनमध्ये पर्यटकांसाठी त्याला बाहेर काढू नका. शेतघर मात्र, ते कसणारा सोबत राहणार नसेल, तर घेऊच नका. आपलं घर झालं की पुढच्यांना बंदी हवी असणारे खरेदीदार त्या बेटानं पुष्कळ पाहिले आहेत.