आधी बूट बघा

लातूरहून बाप-लेक मुंबईला येणार, ही बातमी फुटायचा अवकाश. बोरिवली ते बदलापूरपर्यंतचे झाडून सगळे नातेवाईक गाइड होतात. गेटवे, सी-लिंक, राणीची बाग. आणि वर ताकीद, "दाजी, लेकीला म्हातारीचा बूट दाखवल्याशिवाय परत न्यायचं नाही हं!"

लेक 22 वर्षांची आहे. सिव्हिल इंजिनीअर आहे. तरीही बूट.

सल्ला देणारे स्वतः त्या बुटासाठी मलबार हिल शेवटचे चढले ते शाळेच्या सहलीत. पण अल्बममध्ये तो फोटो आहे ना, बुटाच्या खिडकीतून उन्हात डोळे बारीक करून बघणारी चार पोरं! तेव्हापासून मुंबई तेवढीच. लेक म्हणाली, मला ओव्हल मैदान बघायचंय; एका अंगाला राजाबाई टॉवरसारखं गॉथिक काम, समोर आर्ट डेको इमारतींची रांग, 2018 पासून जागतिक वारसा, तिकीट शून्य. मामी म्हणाल्या, "तिथं काय बघायचंय? कोर्ट आहे ते."

बरं, बूट तर बूट. इंग्रजी बालगीतातली म्हातारी, पोरं उदंड आणि सगळ्यांना मिळून राहायला एक बूट. मुंबईतल्या वनरूम-किचनचं याहून प्रामाणिक स्मारक कुणी बांधलेलं नाही. तेही मलबार हिलवर! अजून एखाद्या बिल्डरची नजर कशी गेली नाही? गेली असती तर म्हातारीचा संमतीपत्रावर अंगठा, पोरांसकट संक्रमण शिबिर, 'तीन वर्षांत ताबा' हे आश्वासन आणि बुटाच्या जागी चाळीस मजली 'द शू रेसिडेन्सेस'. टाचेत पार्किंगचे मजले, चवड्यावर क्लबहाऊस, वर नाडीच्या आकाराचा स्विमिंग पूल. म्हातारीला मागच्या विंगमध्ये 300 चौरस फूट, खिडकी डक्टकडे, आणि मेंटेनन्स ऐकून ती स्वतःच विरारला गेली असती. पोरं तर आधीच गेलेली असती, कारण बिल्डरने शिबिराचं भाडं भरणं बंद केलेलं.

आणि हा बाप बूट बघायला येतच नाहीये. लेकीला अंधेरीत नोकरी लागली आहे, तिच्यासाठी तो जागा शोधायला येतोय. दलाल महिन्याचं भाडं दलाली म्हणून मागणार, करार अकरा महिन्यांचा, डिपॉझिट वेगळं, शिवाय जबानी: मुलगी एकटीच राहणार? नॉनव्हेज खाते? आडनाव काय म्हणालात? या जबानीच्या वेळी बाजूला उभं राहायला एक गाइड मिळत नाही. गावाकडच्या लग्नात आठ-आठ दिवस मुक्काम ठोकून, पातेल्यातला आमरस पुसून खाऊन, जाताना डाळीची पिशवी मागून नेणारी ही मंडळी! यांच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये पोरीला पंधरा दिवस गादी टाकायला जागा निघत नाही, पण बूट दाखवायला अख्खा रविवार निघतो. थोडी तरी शरम?

शेवटी बापाने फॅमिली ग्रुपवर सरळच विचारलं, "कुणाच्या ओळखीत पोरीसाठी कॉट बेसिसवर जागा आहे का?"

सगळ्यांनी वाचलं. अर्ध्या तासाने मामांचं उत्तर आलं, "राणीची बाग बुधवारी बंद असते हं."