गरिबांचं पोट, राणीचं नाव

इटलीहून परतलेल्यांकडून पिझ्झाबद्दल ठरलेली तक्रार ऐकू येते. फिका होता, मध्ये ओलसर होता, वर काहीच नव्हतं, चार पानं टाकून दिली होती, त्यापेक्षा आपल्याकडचा बरा. दुसरा गट याहून डोकेदुखीचा. रोममध्ये दोन-तीन मुक्काम केले की ही मंडळी 'अस्सल पिझ्झा'वर निकाल द्यायला मोकळी होतात आणि मक्याचे दाणे दिसले की नाक मुरडतात. हा पदार्थ मुळात कुणी, कुणासाठी आणि कसा खाण्यासाठी केला, एवढं तरी दोघांपैकी कुणी विचारायला हवं होतं.

पिझ्झा नेपल्सचा आहे. टूरच्या गडबडीत व्हेनिसला मिळेल तो पिझ्झा खाऊन त्यावर मत देणं म्हणजे नागपुरात सोलकढी पिऊन कोकणाला नावं ठेवणं. रोमचा पिझ्झा पातळ आणि कुरकुरीत असतो, त्याची जातच वेगळी. नेपल्सचा मऊ, आणि तो मुद्दाम मऊ ठेवलेला.

तो कसा होतो ते भट्टीसमोर उभं राहून बघावं. करणारा पिठाचा गोळा बोटांनी मधून कडेकडे दाबत नेतो. आतली सगळी हवा काठात सरकते. लाटण्याला तिथं मनाई आहे, कारण लाटलं की हवा गेली. वर कुस्करलेला टोमॅटो आतून बाहेर गोल फिरवत पसरायचा, मोझरेलाचे तुकडे, तुळशीच्या जातीची ती पानं, तेलाची एक धार. लांब दांड्याच्या फावड्यावर घेऊन तो लाकडाच्या भट्टीत सरकवतात. भट्टीचा तळ 485 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो. साठ ते नव्वद सेकंदांत काठ टम्म फुगतो, त्यावर काळे ठिपके उठतात आणि पिझ्झा बाहेर येतो. मधला भाग सुकायला वेळच मिळत नाही आणि सुकवायचाही नसतो. कागदात चौघडी करून, हातात धरून, उभ्याउभ्या खायचा पदार्थ आहे हा. कडक झाला तर घडी मोडेल. विआ देई त्रिबुनाली या रस्त्यावर लोक आजही असाच खातात. ज्याला आपण 'कच्चा राहिलाय' म्हणून परत पाठवतो, तीच त्या माणसाच्या हाताची कमाल आहे.

पिझ्झाला नावं ठेवणाऱ्या प्रवाशांची परंपरा तशी जुनी. तारयंत्रामुळे नाव झालेला सॅम्युएल मोर्स 1831 साली नेपल्सला गेला होता. त्याला पिझ्झा किळसवाणा वाटला आणि त्यानं तसं लिहून ठेवलं. परक्याचं सोडून देऊ. 'पिनोकिओ' लिहिणारा कार्लो कोल्लोदी तर फ्लॉरेन्सचा, म्हणजे घरचाच. त्यानंही 1886 मध्ये पिझ्झाला आणि तो विकणाऱ्याला एकाच मापानं घाणेरडं ठरवलं. मातिल्दे सेराओ ही नेपल्सची मोठी लेखिका. तिच्या 1884 च्या पुस्तकात रोममध्ये पिझ्झाचं दुकान काढणाऱ्या एका नेपल्सवाल्याची हकिगत आहे. सुरुवातीला नवलाई म्हणून गर्दी झाली, पुढं दुकान बसलं.

ही किळस पदार्थाची नव्हती, खाणाऱ्यांची होती. नेपल्स तेव्हा खच्चून भरलेलं शहर होतं आणि त्यातली कितीतरी माणसं हातावर पोट असलेली. फेरीवाला डब्यातून गरम पिझ्झा गल्लोगल्ली नेई आणि गिऱ्हाईकाला परवडेल तेवढाच तुकडा कापून देई. अलेक्सांद्र द्यूमा या फ्रेंच कादंबरीकारानं 1843 मध्ये लिहिलंय की ही माणसं हिवाळ्यात पिझ्झावर आणि उन्हाळ्यात कलिंगडावर जगतात. उधारीही चाले. दे सिकाच्या 1954 च्या 'ल'ओरो दि नापोली' या चित्रपटात सोफिया लॉरेन तळलेला पिझ्झा विकते, आज खा आणि आठ दिवसांनी पैसे द्या या बोलीवर.

या सगळ्यांना बाजूला सारून आपण घरी काय घेऊन येतो? राणीची गोष्ट! 1889 साली राणी मार्गेरिता नेपल्सला आली, राफाएले एस्पोझितोनं तिच्यासाठी झेंड्याच्या तीन रंगांचा पिझ्झा केला, तिला आवडला, म्हणून तो मार्गेरिता. गाइड सांगतो, आपण माना डोलावतो, परतल्यावर चार जणांना ऐकवतो. पुरावा म्हणून दाखवतात ते राजवाड्याचं आभारपत्र, आणि त्याच्या शिक्क्यापासून हस्ताक्षरापर्यंत अभ्यासकांनी शंका काढल्या आहेत. ते पत्र खरं धरलं तरी पदार्थ राणीमुळे जन्मला असं होत नाही. नेपल्सच्या चालीरीतींवर फ्रांचेस्को दे बूर्कार्दनं काढलेला ग्रंथ 1866 पर्यंत छापून पूर्ण झाला होता. त्यात पिझ्झावर मोझरेलाचे काप आणि तीच पानं घालतात अशी नोंद आहे, टोमॅटोचाही उल्लेख आहे. राणीच्या पानात पडलं ते गल्लीतलं रोजचं खाणं होतं. तरी श्रेय राणीला. मला या गोष्टीची चीड येते ती एवढ्यासाठीच.

अस्सलपणाच्या पहारेकऱ्यांनाही एक सांगायचंय. कार्बोनारा पास्त्यात लसूण घातला तर आज रोमवाले अंगावर येतात. 'ला कुचिना इतालियाना' या मासिकानं 1954 मध्ये त्याची कृती छापली, तिच्यात लसूण होता आणि स्वित्झर्लंडचं ग्रुयेर चीजही होतं. चाबाता हा पाव 1982 सालचा. पिझ्झा स्वतः दुसऱ्या महायुद्धापर्यंत उत्तर इटलीत फारसा कुणाच्या ओळखीचा नव्हता. तिकडं तो पोचवला तो तुरिन-मिलानच्या कारखान्यांत कामाला गेलेल्या दक्षिणेच्या मजुरांनी. न्यूयॉर्कलाही तो पोट भरायला गेलेल्या माणसांबरोबरच पोचला.

नेपल्सला जाणार असाल तर मारिनारा मागवा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, बस्स. शाकाहाऱ्यांना निर्धास्त खाता येईल असा, आणि मार्गेरितापेक्षा जुना. दा मिकेले या 1870 पासूनच्या दुकानाचं नाव ज्या दोन पिझ्झांवर झालं, त्यांतला हा एक. 'चीज नाही, मग पैसे कशाचे?' म्हणून आपली माणसं यादीतून नेमका तोच वगळतात.