शाही गाडीचा जिना

डेक्कन ओडिसी ही एमटीडीसी आणि रेल्वेची निळी राजेशाही गाडी २००४ साली रुळांवर आली. आत स्पा, बार, दिमतीला सेवक. तिच्या महाराष्ट्रातल्या फेरीत खान्देशालाही मान आहे: पाहुणे जळगावला उतरतात आणि बसने थेट अजिंठ्याला. म्हणजे अख्खा खान्देश हा शेजारच्या जिल्ह्यातल्या लेण्यांचा जिना!

राजवैभवच बघायचं तर तापीकाठी थाळनेर आहे. फारुकी सुलतानांची जुनी राजधानी. त्यांच्या कबरी अजून तिथे आहेत. पण थाळनेरला रेल्वे जात नाही, आणि एसटीत शॅम्पेन देत नाहीत.

आमच्या भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राला मात्र खास गाड्या येतात. कोळशाच्या. पाचशे मेगावॅटच्या संचांचं पोट भरायचं असतं, त्यामुळे त्यांचा थाट राजाचाच. पॅसेंजर बाजूच्या रुळावर ताटकळते, वाघिणी धडधडत पुढे जातात, आणि खिडकीतल्या प्रवाशाच्या पांढऱ्या सदऱ्यावर काळी नक्षी उमटते. वारसा म्हणावा तर हाच, आणि तोही फुकट.

शाही गाडीचं भाडं लाखांत. कॉलनीतल्या नानांनी आकडा शांतपणे ऐकला आणि एवढंच विचारलं, "या गाडीले एमएसटीचा पास चालते का भो?"