वज्रचूडेमंडित सौदामिनीदेवींस अनावृत पत्र

मुक्काम काल्हेर, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे.

सौभाग्यवती वज्रचूडेमंडित सौदामिनीदेवी, वास्तव्य मेघमंडल, यांस कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आमच्या वाडवडिलांनी प्रत्येक सुवासिनीस पत्राच्या मायन्यात जी ‘वज्रचूडेमंडित’ ही पदवी सरसकट बहाल केली, ती अक्षरशः लागू पडावी अशी आपल्याखेरीज दुसरी व्यक्ती आमच्या परिचयात नसल्यामुळे, आणि गेल्या वैशाखात वळवाच्या पहिल्याच सरीबरोबर, घटकाभरही न टेकता, आपण आम्हांस जी भेट देऊन गेलात तिची पोच द्यावयाची राहिली असल्यामुळे, हा पत्रप्रपंच.

प्रस्तुत लेखक येथील एका गोदामात जमाखर्चाची कारकुनी करतो. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवण्याची सोय म्हणून भिवंडीच्या या पट्ट्यात गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी जकात गेली, गोदामे राहिली. सारांश, नाका चुकवून आत शिरण्याची कला या मुलुखास नवी नाही. तथापि आपण ज्या वाटेने आलात ती पाहून येथले मुरलेले ट्रकवालेही तोंडात बोट घालतील.

कॉम्प्युटरच्या प्लगापाशी आम्ही स्पाइक गार्ड नामक पहारेकरी बसविला होता. त्याच्या पोटात व्हॅरिस्टर म्हणून नाण्याएवढी एक चकती असते, आणि विजेचा दाब मर्यादेपलीकडे चढला की तो जादा भार जमिनीकडे वळवून देणे ही तिची नोकरी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने आपल्याच एका नावाने काढलेल्या ‘दामिनी’ ॲपने त्या दुपारी खिशातल्या खिशात इशाराही दिला होता. परंतु पहारेकऱ्याचा तांबडा दिवा तेवत असता उठून प्लग काढणे म्हणजे त्याच्या इमानावर शंका घेणे, असे वाटून मी ई-वे बिल पुरे करीत बसलो. खाडीच्या बाजूस कोठेतरी लखकन झाले, पत्रे थरारले, आणि पडदा काळा पडला. खोलीत जळक्या वार्निशाचा वास तेवढा उरला.

दुरुस्तीस आलेल्या पोराने पेटी उघडली, टेबलावरची कागदाची क्लिप सरळ करून तिचा आकडा केला, आणि पॉवर सप्लायच्या जुडग्यातील हिरवी तार व काळी तार त्या आकड्याने जोडली. पंखा मजेत फिरू लागला. मला हर्ष झाला. त्याला झाला नाही. “साहेब, सप्लाय चालू आहे. म्हणजे लाइटीच्या बाजूनं आलेलंच नाही,” असे म्हणून त्याने पेटी वळविली आणि नेटची वायर जेथे खुपसतात त्या चौकोनी भोकात मोबाइलचा प्रकाश पाडला. आत तिळाएवढा काळा डाग होता. “इथून आलंय. बोर्ड गेला.”

तेव्हा उलगडा झाला, तो असा. आपणांस आमच्या छपरावर पडण्याची तसदी घ्यावीच लागत नाही. सुमारे तीस हजार अँपिअरचा आपला लोट निमिषाच्या एका कणभर अंशात कोठेही कोसळला, तरी आसपासच्या लांबच लांब तारांत नुसत्या सान्निध्याने दाब उत्पन्न होतो; आणि खांबापासून चार गोदामांचे पत्रे ओलांडून आमच्या टेबलापर्यंत लोंबत आलेली नेटची वायर ही आम्ही आपणांसाठी स्वहस्ते घातलेली पायघडी होती. पहारेकरी वेशीवर उभा, आणि पाहुण्या परसदारी.

आपला अपराध पोटात घालण्याजोगा एवढ्यासाठी, की हार्ड डिस्क आपण सुखरूप ठेविली. ती काढून दुसऱ्या यंत्रास जोडताच मार्चअखेरचा हिशेब पैन्‌पै निघाला. नुकसानभरपाईची हकीकत मात्र निराळी. आगीच्या विम्याचा प्रचलित मसुदा मी भिंग लावून वाचला. त्यात ज्या संकटांपासून संरक्षण मिळते त्यांच्या यादीत आगीच्या पाठोपाठ आपले नाव सन्मानाने विराजमान आहे. आणि पुढे अपवादांच्या कलमात, विजेवर चालणाऱ्या यंत्रात जादा दाबामुळे वा शॉर्टसर्किटने झालेली हानी, मग तिचे कारण काहीही असो, ‘आकाशातील वीजदेखील’, वर्ज्य केलेली आहे. मेघमंडलातही इतक्या चपळाईने कोणी दिशा बदलीत नसेल!

आता एक कबुली. वायरमनने अर्थिंगचा खड्डा उघडून दाखविला, तेव्हा मीठ-कोळशाच्या थरावर ठणठणीत कोरडी भेगाळलेली माती होती. मीटरमागच्या त्या खड्ड्यात पाणी ओतावयाचे असते हे कोणाच्या गावीही नव्हते. म्हणजे आपण रीतसर दारातून आला असता, तरी पहारेकऱ्याने आपणांस धाडले असते कोठे? आणि भूमी वर्षात सर्वांत कोरडी असते नेमकी तेव्हाच, वळवाच्या मुहूर्तावर, आपण येता, हा आपला हिशेबीपणा आम्हां कारकुनांसही लाजविणारा आहे.

सांप्रत दर शनिवारी त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी पडते, आणि आकाश गुरगुरले की प्रथम नेटची वायर व मागाहून प्लग, या क्रमाने दोन्ही उपसून ठेवण्यात येतात. नवीन बोर्ड अद्याप आलेला नसल्याने हा मजकूर हाताने लिहिला आहे. अक्षराची क्षमा असावी.

कळावे, लोभ आहे तितकाच पुरे.

आपला नम्र,
एक गोदाम-कारकून

ता. क. उत्तर टपालाने धाडावे. तारेने नको.