साडूंपेक्षा बरा रेट

मध्य रेल्वेवर वाढलेल्या माणसाला पैसे कसे सांभाळायचे हे शिकवावं लागत नाही. सॅक पोटावर, पाकीट पुढच्या खिशात, पास मोबाइलच्या कव्हरात, आणि उतरण्याआधी सगळीकडून एकदा हात फिरवायचा. खिसेकापूंपासून सावध राहा अशी पाटी परदेशात दिसली तर आम्हाला घाबरायला होत नाही, उलट मुलुंड-ठाण्याच्या मधे कुठेतरी असल्यासारखं घरगुती वाटतं. आमची खरी धास्ती निराळी. आपण डॉलर ज्या भावाने घेतला, त्याहून वीस पैशांनी स्वस्त तो साडूंना मिळाला तर?

व्हिएतनामला जायचं ठरलं. मुंबईहून थेट विमान, ई-व्हिसा २५ डॉलरचा, आणि मुख्य म्हणजे बिल्डिंगमधलं अजून कुणी तिथे गेलेलं नव्हतं. ठाण्याचे साडू आणि मेहुणी, कल्याणचे काका-काकू, आणि डोंबिवलीचे आम्ही, आईसकट. तयार पॅकेज घेतलं तर टूर कंपनी त्यावर टीसीएस नावाचा कर आगाऊ कापून घेते. तो पुढे रिटर्न भरताना वळता होतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोवर आपले पैसे सरकारकडे बिनव्याजी का ठेवायचे, असं म्हणून साडूंनी हॉटेलं स्वतःच बुक केली. उरला एकच प्रश्न, पैसे कसे न्यायचे. त्यासाठी बैठक आमच्याकडे. डोंबिवली मधे पडते, म्हणून चहा नेहमी आमचाच.

साडू घोडबंदर रोडवर पंचविसाव्या मजल्यावर राहतात आणि तिथूनच बोलतात. त्यांच्याकडे एक क्रेडिट कार्ड आहे, परदेशात त्यावर जादा आकार लागत नाही. साध्या कार्डावर तो दोन ते साडेतीन टक्के असतो आणि वर जीएसटी, हे ते लग्नकार्यातसुद्धा सांगतात. "कॅश घेऊन कोण फिरतं हो आता?" असं त्यांनी विचारलं, ते थेट काकांकडे बघून.

काका कल्याणच्या पारनाक्याचे. त्यांचा विश्वास नोटेवर, आणि नोटेतही शंभर डॉलरच्या कोऱ्या करकरीत नोटेवर. रिझर्व्ह बँकेचे नियम त्यांना पाठ आहेत. एका प्रवासाला परकीय चलनाच्या नोटा ३००० डॉलरपर्यंत, बाकीचं कार्डावर. वर्षाकाठी माणशी अडीच लाख डॉलर बाहेर नेता किंवा पाठवता येतात हेही त्यांनी सांगितलं. अडीच लाख डॉलर म्हणजे दोन कोटींच्या वर. सगळे क्षणभर गप्प झाले. मर्यादा ओलांडली जाण्याची भीती कुणालाच नव्हती.

फॉरेक्स कार्डाचा पर्याय माझा. पण त्यात व्हिएतनामचं चलन, म्हणजे डाँग, भरता येईनात. डॉलर भरायचे, तिथे त्यांचे डाँग होणार, आणि या दुसऱ्या बदलात बँक पुन्हा आपला वाटा काढून घेणार. चिरंजीवांचं म्हणणं, यूपीआय करू. आयफेल टॉवरचं तिकीट फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआयने काढता येतं, श्रीलंका आणि मॉरिशसमध्येही त्याच महिन्यात ते सुरू झालं. हे सगळं खरं, पण आम्ही चाललो होतो हानोईला.

तेवढ्यात न्यू जर्सीहून मामाचा व्हिडिओ कॉल आला. अशा बैठकीचा वास त्याला सात समुद्रांपलीकडून येतो. "अरे, आम्ही आठ डॉलर घेऊन आलो," त्याने सुरुवात केली. हे खोटं नाही. त्या काळी परकीय चलनाची टंचाई एवढी होती, की परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याच्या हातावर आठच डॉलर पडत. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन होऊन डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांना झाला. मामा निघाला तो त्यानंतर, म्हणजे साठ रुपयांत अमेरिकेला गेला. मात्र त्या आठ डॉलरमधले दोन त्याने अजून जपून ठेवलेत, असं तो सांगतो तेव्हा मामी कॅमेऱ्याबाहेर जाते.

शेवटी ठरलं ते डोंबिवलीत नेहमी ठरतं तेच : सगळं थोडं थोडं न्यायचं. काकूंनी काकांच्या बंडीला चोरखिसा शिवला.

हा चोरखिसाच पुढे नडला. व्हिएतनाममध्ये शंभराच्या नोटेला सुट्या दहा-वीसच्या नोटांपेक्षा भाव बरा मिळतो, पण नोट सरळ हवी. काकांनी कोऱ्या करकरीत नोटांच्या आठ-आठ घड्या करून त्या खिशात कोंबलेल्या. हॉटेलच्या खोलीत काकूंनी डॉलरना इस्त्री केली. मग आम्ही हानोईतल्या हा चुंग रस्त्यावर गेलो. तिथे सराफांची दुकानं आहेत आणि तिथे नोटा बदलून मिळतात. सराफ दिसल्यावर काकांना कल्याणच्या टिळक चौकात आल्यासारखं वाटलं. साडूंनी मात्र मोबाइलवर शोधून बातमी वाचून दाखवली : २०१८ साली कॅन थो शहरातल्या एका इलेक्ट्रिशियनने परवाना नसलेल्या सराफाकडे १०० डॉलर बदलले आणि त्याला ९ कोटी डाँग दंड झाला. दंड पुढे माफ झाला, हे साडूंनी जरा हळू आवाजात वाचलं. मग परवान्याची पाटी शोधण्यात सकाळ गेली.

डाँग हातात आले आणि आम्ही सगळे लक्षाधीश झालो. जेवणाचं बिल अठरा लाख. चिरंजीव मोबाइल काढून भागाकार करू लागले, साडूंनी त्यांचं ॲप उघडलं, ॲपने वायफाय मागितलं. एवढ्यात आई म्हणाली, "सहा हजार तीनशे."

रुपयाला साधारण तीनशे डाँग पडत होते. म्हणजे तीन शून्यं खोडायची आणि उरलेल्याला सव्वातीनाच्या थोडं वर गुणायचं. आई औटकी लावत होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, हे पाढे तिने शाळेत घोकलेत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि या पाढ्यांची सद्दी संपत गेली, पण आईला ते कुणी कळवलं नव्हतं. औट म्हणजे साडेतीन. चाळीस हजारांची कॉफी? चाळीसाची औटकी एकशेचाळीस. ॲप म्हणालं एकशेतेहेतीस. "वरचे सात टॅक्सचे," आई म्हणाली. त्या दिवसापासून ती प्रत्येक गोष्ट थोडी महाग धरत गेली आणि खरेदी आपोआप आटोक्यात राहिली. अर्थखात्याला असा माणूस हवा.

व्हिएतनामच्या सगळ्या नोटांवर हो चि मिन्हच आहेत. आपल्याकडे गांधीजी असतात तसेच, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. पण वीस हजारांची नोटही निळी आणि पाच लाखांचीही निळी. होई आनमध्ये साडूंनी शहाळेवाल्या बाईला वीस हजारांची समजून पाच लाखांची नोट दिली. सतराशे रुपयांचं शहाळं! बाईने नोट उलटीपालटी केली, हसली आणि परत केली. त्यानंतर साडूंनी रोख रक्कम मेहुणीकडे दिली. ती तशीही तिच्याकडेच असते, फक्त या वेळी जाहीरपणे.

कार्डाची तऱ्हा और. हॉटेलातलं मशीन विचारतं, रुपयांत भरणार की डाँगमध्ये? परक्या मुलखात मशीनवर आपला रुपया दिसला की ऊर भरून येतो आणि बोट तिकडेच जातं. ते बोट आवरावं. रुपया निवडला की भाव ते मशीनवाले लावतात आणि चांगले चार पैसे मधल्या मधे जातात. नेहमी तिथल्या चलनातच पैसे भरावेत. हे सांगितलं साडूंनी, आणि इथे ते बरोबर होते. मी हे लिहून देतोय, तेवढं त्यांना पुरे. यूपीआयचं म्हणाल तर तिथे पाववालीच्या गाडीवरसुद्धा क्यूआर लटकत होता, पण आमच्या ॲपने त्याला ओळख दाखवली नाही.

परत आल्यावर काकांच्या रोखीचा आणि साडूंच्या कार्डाचा सरासरी भाव मी एक्सेलमध्ये मांडला. सबंध सहलीत फरक निघाला जेमतेम चार कॉफ्यांचा. कुणाच्या बाजूने, ते सांगत नाही. दिवाळीला दोघांनाही आमच्याकडे जेवायला यायचंय.

उरलेले डाँग स्टेशनजवळच्या मनी चेंजरने घेतले नाहीत. काका म्हणतात काळजी नको, २००० डॉलरपर्यंतचं चलन जवळ ठेवायला परवानगी आहे, त्यावरचं १८० दिवसांत परत करावं लागतं. तर कळवण्यास आनंद होतो, की डोंबिवली पूर्वेला आमच्याकडे ७,२०,००० डाँग शिल्लक आहेत. व्हिएतनामला निघालेल्यांनी येऊन न्यावेत, चहा मिळेल. गूगलप्रमाणे त्यांचे साधारण २४०० रुपये होतात. आई २५२० घेईल.